कानाला दडे बसले की जोरात फुंकू नका

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला उतरताना कानाला दडे बसतात आणि गाडीतलं कोणीतरी सांगतंच, नाक दाब आणि जोरात फुंक. घाटात ते खपून जातं. पण आपल्याकडची पोरं आता मालवणला स्कुबा करायला जायला लागलीत आणि पाण्यात हाच सल्ला एक कान कायमचा घालवू शकतो, म्हणून लिहायला बसलो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, त्यामुळे इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा 8-9 टक्के कमी. तेवढाच फरक पडायला पाण्यात एक मीटरही खाली जावं लागत नाही, म्हणजे अख्खा घाट जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात मावला! फक्त घाट उतरायला बराच वेळ लागतो, पाण्यात काही सेकंद.

कानाच्या पडद्यामागं हवेची छोटी पोकळी आहे, तोच मधला कान, तिथून युस्टेशियन नळी नाकाच्या मागं उघडते. आवंढा गिळला की ती क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ती सुजलेली असते, आणि बाहेरचा दाब पाऱ्याच्या साधारण 90 मिलिमीटरनं, म्हणजे सव्वा मीटर पाण्याएवढा वाढला की ती अशी चिकटते की गिळून काही होत नाही. मग दुखतंय म्हणून माणूस जीव खाऊन फुंकतो. हवा कानात जातच नाही, पण छातीत वाढलेला दाब शिरांतून वर चढतो, मेंदूभोवतीच्या पाण्यात जातो, तिथून एका अगदी बारीक वाटेनं आतल्या कानाच्या शंखातल्या द्रवात. या शंखाला दोन खिडक्या, एकीत शाळेत शिकलेलं रिकीब हाड बसलेलं, दुसरी गोल, तिच्यावर नुसता पापुद्रा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ. आतून ढकललं जातंय, पडद्यामागच्या पोकळीत दाब कमी, पापुद्रा फाटतो आणि द्रव झिरपायला लागतो. 1971 साली गुडहिल या डॉक्टरांनी हे मांडलं. शंखातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एका कानात सुमारे 15 हजार, मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

म्हणून खाली उतरताना दुखायच्या आधीच, हळू फुंकायचं, नाही उघडलं तर थोडं वर यायचं, आणि सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, पैसे भरलेले असले तरी.

नंतर चक्कर आली की आपल्याकडं नजर काढतात, नाहीतर लसणाचं कोमट तेल कानात सोडतात. पडदा फाटला असेल तर ते तेल थेट आत जातं. त्यापेक्षा तोंड मिटून लांब 'हं' म्हणा. दडलेल्या कानात मोठं ऐकू आलं तर अडथळा बहुधा मधल्या कानातच आहे, चांगल्या कानात मोठं आलं तर आतला कान दुखावल्याची शंका धरा आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जा, तोवर नाक शिंकरू नका, जड उचलू नका, उशी उंच ठेवा.