तोतया जीवनसत्त्व आणि बॉस्टनचा पोरगा

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. व्हॉट्सअ‍ॅपवर सोनेरी फितीसोबत मजकूर फिरतो : ‘चिमुकल्याने जिद्दीने कॅन्सरला हरवलं!’ मग जी पोरं गेली, त्यांची जिद्द काय कमी पडली? या वाक्याचा मला राग येतो, आणि दर वेळी बॉस्टनचा तो दोन वर्षांचा मुलगा आठवतो.

साल १९४७. जुळ्यांपैकी एक ठणठणीत, दुसऱ्याला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्या काळी अशी मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉ. सिडनी फार्बर यांनी आधी अशा मुलांना फॉलिक आम्ल या ब गटातल्या जीवनसत्त्वाशी नातं असलेली द्रव्यं दिली होती, तर आजार उलट फोफावल्यासारखा दिसला. (‘जीवनसत्त्वच ते, अपाय कसला?’ म्हणत आजारी पोराला पावडरी आणि काढे पाजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) फार्बरनी विचार फिरवला. याच आम्लाची वाट अडवली तर?

आता थोडं रसायनशास्त्र, मला फार आवडणारं. पेशी दुभंगायची तर डीएनएची नवी प्रत हवी, आणि प्रतीसाठी थायमिन हवं (हा डीएनएचा एक घटक, ब-१ जीवनसत्त्व नव्हे). थायमिनच्या घडणीत एक कार्बन अणू जोडावा लागतो. तो आणून देतं टेट्राहायड्रोफोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाचंच कामाला लागलेलं रूप. कार्बन देताना ते दोन हायड्रोजनही गमावतं आणि डायहायड्रोफोलेट होऊन निकामी पडतं. मग डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचं एन्झाइम त्याला हायड्रोजन परत देतं. हे एन्झाइम म्हणजे पेशीतलं एकुलतं एक गॅरेज समजा. अमिनोप्टेरिन हे औषध दिसायला हुबेहूब फॉलिक आम्ल. फरक एवढाच, की एका जागी ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनचा गट. हा तोतया गॅरेजात शिरतो आणि खऱ्या गाडीपेक्षा हजारपट घट्ट रुतून बसतो. दुरुस्ती बंद, थायमिन बंद, डीएनए अर्धवट. भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मरतात. कर्करोगाच्या मरतात, तशा तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्याही. तोंड येतं ते म्हणूनच.

यात मुंबईचाही धागा आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर इथे आल्या त्या गिरणी कामगार बायकांचा गरोदरपणातला पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, अभ्यासायला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल निघाला. आणि तोतया घडला अमेरिकेत, लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, आपले भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूत.

२८ डिसेंबर १९४७ला त्या मुलाला अमिनोप्टेरिन सुरू झालं. काही आठवड्यांत सुजलेली प्लीहा ओसरली, पोट उतरलं, भूक परतली. पण आजार उलटला आणि १९४८मध्ये तो गेला. त्याच वर्षी फार्बरनी सोळा मुलांचा अहवाल छापला. दहांना तात्पुरता उतार पडला होता. दोन वर्षांच्या पोराला जिद्द म्हणजे काय ठाऊक? सुया मात्र त्यानेच सोसल्या.

अमिनोप्टेरिनचा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. इतर औषधांच्या जोडीने प्रगत देशांत या आजाराच्या मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सुमारे ९० टक्के मुलं वाचतात. कित्येक महिने आठवड्यातून एकदा ती गोळी घ्यावी लागते, आणि त्या काळात डॉक्टरांना न विचारता फॉलिक आम्लाचं टॉनिक देऊ नये. गॅरेज बंद ठेवलेलं असतं ते मुद्दामच.