पाण्याचे थेंब पानं जाळत नाहीत

भर उन्हात पाणी शिंपडलं की थेंबांची भिंगं होतात आणि पानं भाजतात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जपानी मेपल या शोभेच्या झाडाची नाजूक पानं कडेने करपली की दोष हमखास झारीवर येतो. हे खरं नाही.

हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली हे तपासून प्रसिद्ध केलं. मेपलच्या गुळगुळीत पानांवर काचेच्या गोळ्या ठेवल्या तेव्हा डाग पडले, पाण्याच्या थेंबांनी पडले नाहीत. पानाला चिकटलेला थेंब चपटा असतो, त्यामुळे किरण एकवटतात ते पानाच्या बरंच खाली. शिवाय पाणी पानाला थंडच ठेवतं. दाट लव असलेल्या पानांवर मात्र थेंब वर उचलून धरला जातो, तिथे धोका संभवतो.

मेपल करपतो तो कोरड्या वाऱ्याने आणि दुपारच्या उन्हाने. मुळं पुरवतील त्याहून वेगाने पानातलं पाणी उडतं, आणि टोकं आधी वाळतात. म्हणून मुळांना खोलवर पाणी, बुंध्यापासून थोडं अंतर सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन, दुपारी सावली. वाऱ्याच्या बाजूला भरीव भिंत नको, तिच्यामागे भोवरे उठतात. वारा गाळून सोडणारी जाळी किंवा झुडपांचं कुंपण लावा. आणि झाड दुपारी कोमेजलं, माती कोरडी असली, तर संध्याकाळची वाट न बघता पाणी द्या.