ग्राफिक रेकॉर्डिंग म्हणजे ग्राफिक फॅसिलिटेशन नव्हे

सभागृहाच्या भिंतीवर लांबलचक कागद ताणून लावलेला आहे, त्याच्यासमोर मार्कर घेऊन कोणीतरी उभे आहे आणि बैठकीतील बोलणे अक्षरांत, बाणांत व लहान आकृत्यांत उतरत चालले आहे, एवढे दिसले की आपल्याकडील संयोजक त्याला कधी ‘ग्राफिक रेकॉर्डिंग’ म्हणतात, तर कधी ‘ग्राफिक फॅसिलिटेशन’. ही सेवा देणाऱ्या चमूंची माहितीपत्रकेही दोन्ही नावे एकाच दमात छापतात. ही कामे मुळात वेगळी आहेत: रेकॉर्डिंगमध्ये चर्चेची चित्रमय नोंद होते, फॅसिलिटेशनमध्ये चित्राच्या आधारे चर्चाच चालवली जाते. एकाची गरज असताना दुसरे मागवले, तर बैठक फसते आणि तिचा दोष मात्र चित्र काढणाऱ्याच्या माथी येतो.

पैकी रेकॉर्डिंग बहुतेकांच्या परिचयाचे आहे. वक्ते बोलतात, रेकॉर्डर ऐकतो, त्यातले महत्त्वाचे निवडतो आणि त्याची मांडणी करतो. त्याची पाठ बहुधा श्रोत्यांकडे असते, तो स्वतः काही बोलत नाही, आणि परिषद संपल्यावर त्या फलकाचे छायाचित्र सर्वांना पाठवले जाते. हे सोपे काम नाही. ऐकता ऐकता काय गाळायचे हे ठरवणे हीच त्यातली खरी कसोटी असते. परंतु त्याविषयी फारसा गैरसमज नाही, म्हणून इथे थांबण्याचे कारण नाही.

किरकोळ फरकही लगेच बाजूला ठेवतो. कागद की टॅब्लेट, एकरंगी की बहुरंगी, चित्रे जास्त की अक्षरे जास्त, यांपैकी कशावरूनही काम कोणते ते ठरत नाही. इन्फोग्राफिक, म्हणजे माहिती चित्रांतून मांडणारा तक्ता, तर या जोडीत बसतच नाही, कारण ते बैठकीनंतर, हाती आलेल्या माहितीवरून, सवडीने तयार होते.

खरी गफलत होते ती एका प्रश्नापाशी: चित्र चर्चेच्या मागे चालते की चर्चा चित्रावरून पुढे सरकते? रेकॉर्डिंगमध्ये भिंतीवरचा कागद काढून टाकला तरी बैठक जशीच्या तशी पार पडेल. फॅसिलिटेशनमध्ये तो कागद काढला तर बैठकच थांबेल, कारण सगळेजण मिळून त्या कागदावरच काम करत असतात. ग्राफिक फॅसिलिटेटर समूहाकडे तोंड करून उभा राहतो, प्रश्न विचारतो, आलेले उत्तर सर्वांसमक्ष लिहितो, ‘मी लिहिले ते तुमच्या म्हणण्याप्रमाणे आहे का?’ असे विचारून खात्री करून घेतो आणि मग त्या उत्तराची जागा कोणती, ते कशाशी जोडलेले आहे, हे समूहालाच ठरवायला लावतो.

एखाद्या संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यायचा आहे, असे समजा. रेकॉर्डर असेल, तर संचालकांनी सांगितलेला इतिहास तो देखणेपणाने रेखाटेल. फॅसिलिटेटर कागदावर केवळ एक आडवी रेषा आणि काही वर्षे लिहून ठेवील आणि प्रत्येकाला आपण कधी रुजू झालो, तेव्हा काय चालले होते, हे सांगायला लावील. थोड्याच वेळात एकाच वर्षाखाली दोन विसंगत नोंदी येतात. ज्याला वरिष्ठ ‘विस्तार’ म्हणतात त्याला क्षेत्रीय कार्यकर्ते ‘ओढाताण’ म्हणतात, असे समोरासमोर दिसू लागते, आणि ज्या मुद्द्यावर वर्षानुवर्षे कोणी बोलले नव्हते तो मुद्दा भिंतीवर असल्यामुळे टाळता येत नाही. व्यक्तीकडे बोट न दाखवता कागदाकडे बोट दाखवून मतभेद मांडता येणे, ही या पद्धतीची खरी ताकद आहे. ज्या फलकावर बैठकीत एकही खाडाखोड झाली नाही, त्याला फॅसिलिटेशन म्हणायला मी तयार नाही.

ही सरमिसळ होण्यास इतिहासही कारणीभूत आहे. दोन्ही कामांची जडणघडण १९७० च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाली. मायकेल डॉइल आणि डेव्हिड स्ट्राउस यांनी १९७६ साली मांडलेल्या बैठक-पद्धतीत चर्चा चालवणारा आणि सर्वांना दिसेल अशी नोंद करणारा या दोन भूमिका स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि नोंद करणाऱ्याने बोलणाऱ्याचेच शब्द लिहावेत असा त्यांचा आग्रह होता. डेव्हिड सिबेट यांनी १९७७ साली आपली सल्लागार संस्था सुरू केली आणि चर्चा चालवणे व चित्र काढणे यांची सांगड घातली. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फोरम ऑफ व्हिज्युअल प्रॅक्टिशनर्स या संघटनेत दोन्ही प्रकारची मंडळी एकत्र आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला एकच व्यवसाय दिसतो, यात नवल नाही.

आपल्याकडे ग्रामविकासाच्या कामात असणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनात, म्हणजे गावाची स्थिती गावकऱ्यांबरोबरच समजून घेण्याच्या पद्धतीत, गावकरी स्वतः जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने गावाचा नकाशा काढतात, विहिरी आणि वस्त्या कुठे दाखवायच्या यावर वाद घालतात, पुसतात आणि पुन्हा काढतात. तिथे नकाशाच्या देखणेपणाला महत्त्व नसते, तो काढताना झालेल्या बोलण्याला असते. फॅसिलिटेशन याच दिशेचे काम आहे. फक्त मार्कर बहुतेक वेळ एकाच्या हातात राहतो.

म्हणूनच बैठकीआधी घरून अर्धेअधिक रंगवून आणलेला फलक मला पटत नाही. डोंगराच्या शिखरावर झेंडा आणि कोपऱ्यात पेटलेला दिवा आधीच काढलेला असेल, तर समूहाने काय ठरवायचे ते चित्रकाराने ठरवून टाकलेले असते. सदस्याचे ओबडधोबड वाक्य बदलून त्या जागी गुळगुळीत घोषवाक्य लिहिणे त्याहूनही वाईट, कारण आपले शब्द भिंतीवर दिसले नाहीत की तो सदस्य पुढे बोलत नाही.

चमू बोलावताना नावापेक्षा काम सांगावे. भाषणे आणि परिसंवाद असतील, निर्णय घ्यायचा नसेल, तर रेकॉर्डर पुरेसा आहे. त्याला विषयपत्रिका, वक्त्यांची नावे आणि ध्वनिक्षेपक स्पष्ट ऐकू येईल अशी जागा द्यावी. समूहाला काही ठरवायचे असेल, तर फॅसिलिटेटर लागेल, आणि त्याला विषयपत्रिका तयार होण्याआधीच बोलवावे लागेल, कारण प्रश्नांचा क्रम आणि कागदावरची मांडणी या गोष्टी त्याने संयोजकांबरोबर बसून ठरवायच्या असतात. बैठक मोठी किंवा तणावाची असेल, तर मी नेहमी दोन माणसे मागतो: एकाने चर्चा सांभाळावी, दुसऱ्याने भिंत. कागद मात्र समूहाच्या समोर, खुर्च्यांच्या अर्धवर्तुळाच्या उघड्या बाजूला लावावा. चहाच्या टेबलाशेजारच्या मोकळ्या भिंतीवर लावलेल्या कागदावर फॅसिलिटेशन होऊ शकत नाही.