मोठा प्लॅन घेतल्याने नेट तुटायचं थांबत नाही
‘नेट सारखं जातंय? 100 एमबीपीएस वेगाचा प्लॅन सोडा, 300चा घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. प्लॅनने वेग वाढतो, तुटणारी जोडणी तशीच राहते.

नेट गेलं त्या क्षणी फायबरच्या डब्याकडे बघा. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर वायरीतून नेट आणणारा प्रकाशच पोहोचत नाहीये. कपाटामागे चेपलेली, खिळ्याला करकचून वळवलेली पिवळी वायर मोकळी करा. वळण तळहाताएवढं गोल हवं. वायरच्या उघड्या टोकाला बोट लावू नका, तेलकट डागानेही सिग्नल घटतो. टोकात डोकावूही नका, आत लेझर असतो. रीसेटचं बारीक बटण तर अजिबात दाबू नका, लॉगिनची माहिती पुसली जाते. तरीही लाल? लाइनमनला बोलवा.

‘पॉन’चा, म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा दिवा स्थिर हिरवा असेल तर लॅपटॉप केबलने जोडा. तिथे नेट टिकलं, तर दोष वायफायचा.