लाली एकच, अर्थ दोन: क्लोरमेथिन जेल आणि इमिक्विमॉड क्रीम

मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे प्रतिकारपेशींच्या कर्करोगाचा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सुरुवातीला चट्टे कातडीपुरतेच असतात, म्हणून बहुतेकदा वरून लावायच्या औषधांवर भागतं. त्यातली क्लोरमेथिन जेल आणि इमिक्विमॉड क्रीम ही दोन एकाच माळेतली वाटतात, कारण दोन्हींनी कातडी लाल होते आणि चुरचुरते. पण ती लाल का झाली, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे.

क्लोरमेथिन म्हणजे सरळसरळ केमोथेरपी, फक्त वरून लावायची. मस्टर्ड गॅसच्या कुळातलं हे रसायन पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. 1ए आणि 1बी या सुरुवातीच्या टप्प्यांतल्या, आधी त्वचेवरचे इतर उपचार घेतलेल्या रुग्णांसाठी या जेलला अमेरिकेत 2013 साली मान्यता मिळाली. इथली लाली म्हणजे औषधाने झालेला दाह, कधी ॲलर्जीसुद्धा. ‘लाल झालं म्हणजे लागू पडतंय’ असं मानून सोसत राहणं चुकीचं. फोड किंवा व्रण आले तर डॉक्टर जेल थांबवतात आणि कातडी निवळल्यावर कमी वेळा लावायला सांगतात. जेल फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या कुणी लावून द्यायचं असेल तर नायट्राइलचे हातमोजे हवेतच.

इमिक्विमॉडचा भर पेशी मारण्यापेक्षा प्रतिकारशक्तीला उठवण्यावर. प्रतिकारपेशींमधला टीएलआर-7 नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे इशारा टिपणारं प्रथिन) ते चेतवतं. मग इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सुटतं आणि पहारेकरी जागे व्हावेत तशा पेशी चट्ट्याकडे धावतात. लाली, खपली हा त्याच धावपळीचा भाग, त्यामुळे थोडी अपेक्षितच. ताप, अंगदुखी आली किंवा कातडी सोलवटली तर मात्र लगेच कळवावं. हे क्रीम मुळात जननेंद्रियावरच्या चामखिळींसारख्या तक्रारींसाठी मंजूर झालेलं. लिम्फोमासाठी डॉक्टर ते मान्यतेबाहेर, निवडक चट्ट्यांवर वापरतात. पुरावाही छोट्या रुग्णगटांचाच, तेव्हा त्याला क्लोरमेथिनची जागा देण्याची घाई मला पटत नाही.

प्रतिकारशक्ती चेतवण्याच्या या वाटेवरची खरी उत्सुकता रेसिक्विमॉड या जेलबद्दल आहे. ते टीएलआर-7 आणि 8 दोन्ही चेतवतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 रुग्णांच्या प्राथमिक चाचणीत जेल न लावलेले चट्टेही अनेकांत ओसरले. चेतवलेल्या पेशी एका जागी थांबत नाहीत, हे त्याचं संभाव्य कारण.

दोन्हींत एक अडचण सारखीच: लाल कातडीखाली आजार उरलाय की नाही, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून औषध थांबवून लाली ओसरू देतात, मग चट्टा पुन्हा तपासतात आणि शंका राहिलीच तर बायोप्सी घेतात.