बांधावरची तीरचिमणी न्यूझीलंडची कशी झाली

तीरचिमणी ही चिमणीची नव्हे, परीट पक्ष्याची भाऊबंद. शेपटी हलवत चालताना पाहिली की ते कळतेच. शेतकरी तिला सर्रास चंडोल म्हणतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण विणीच्या दिवसांत हीसुद्धा चिप्-चिप् करत वर चढते आणि पंख पसरून खाली उतरते.

आपल्या शेतातल्या या धान तीरचिमणीला 'रुफुलस' हे शास्त्रीय नाव १८१८ साली एका फ्रेंच लेखकाने दिले. त्याच वर्षी त्यानेच रिचर्डच्या तीरचिमणीला 'रिचर्डी' हे नाव दिले. पहिली इथे बारमाही राहणारी, जेमतेम १५ सेंमीची. दुसरी सैबेरियाकडची, हिवाळ्यात येणारी, उंच, छाती काढून उभी राहणारी, मागच्या बोटाची नखी लांबलचक. म्हणजे सुरुवात ठीक होती.

घोळ विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. आफ्रिकेपासून न्यूझीलंडपर्यंतच्या अशा साऱ्या तपकिरी, रेघाळ तीरचिमण्या एकाच जातीत कोंबल्या गेल्या. जाती एकत्र केल्या की सर्वांत जुने नाव टिकते, असा नियम. ते निघाले १७८९चे, न्यूझीलंडच्या पक्ष्याचे. त्यामुळे ज्वारीच्या ढेकळांत फिरणारी आपली तीरचिमणी कागदोपत्री 'नोव्हेसीलँडी' झाली. एकत्रीकरण करणाऱ्यांची बाजूही होती: संग्रहालयाच्या खणात कातडी ओळीने मांडली तर रंग आणि आकार एकमेकांत मिसळत जातात. पण पेंढा भरलेला पक्षी ओरडत नाही. धानची बारीक 'चिप्' आणि रिचर्डची खरखरीत, लांबवर जाणारी 'श्रीप्' शेतात ऐकणाऱ्याला या दोन जाती एक वाटणे कठीण. माझ्या मते तो निर्णय टेबलावरचा होता.

शतकाच्या अखेरीस आवाजांच्या ध्वनिमुद्रणांचा आधार घेऊन जाती पुन्हा सुट्या झाल्या. आज ओळखण्याचा वाद उरलाय तो रिचर्ड आणि ब्लिथची तीरचिमणी या हिवाळी पाहुण्यांमधला. ब्लिथची शेपटी आखूड, चोच टोकदार, आणि पंखावरच्या मधल्या पिसांचे गडद ठिपके चौकोनी. डिजिटल कॅमेरा येण्याआधी हे ठिपके कोण पाहत होते!

पक्षिनिरीक्षकांच्या जुन्या वह्यांचे काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. उपजात न लिहिता केलेली 'नोव्हेसीलँडी'ची नोंद जून-जुलैची असेल तर ती निर्धास्त धानची धरता येते, कारण तेव्हा पाहुण्या इथे नसतात. डिसेंबरची असेल तर ती कोणाची, हे वहीवरून ठरत नाही.