वृद्धांचे पडणे आणि ताकदीचा व्यायाम : पार्श्वभूमी

जखमी अमेरिकी सैनिकांसाठी टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेण्याची व्यायामपद्धत १९४५ च्या सुमारास रूढ झाली. विनाकारण अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्ये खरमरीत शब्दांत मांडले. वृद्धांच्या वाट्याला मात्र त्यानंतरही बराच काळ ‘जपून राहा’ एवढाच सल्ला येत राहिला. त्याला मोठा धक्का बसला तो १९९० साली. बोस्टनमधील एका शुश्रूषा केंद्रातील, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी जड वजनांचा व्यायाम करून घेण्यात आला आणि तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

ताकद वाढली म्हणजे पडणे कमी झाले, असे मात्र होत नाही, आणि खरा गुंता इथेच आहे. पडण्यावरचा ठळक पुरावा १९९७ साली न्यूझीलंडमधून आला. ऐंशी वर्षे व त्यापुढील २३३ महिलांपैकी निम्म्या महिलांच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेल्या, त्यांनी घोट्याला वजनाचे पट्टे बांधून करायचे व्यायाम शिकवले आणि जोडीला तोल सांभाळण्याचा सराव व चालणेही नेमून दिले. वर्षभरात या गटात ८८ वेळा, तर दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याची नोंद झाली. हे श्रेय पट्ट्यांचे की तोलाच्या सरावाचे, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. तरीही पुढे अनेक ठिकाणी ते सरसकट ‘ताकदीच्या व्यायामा’च्या नावावर मांडले गेले.

पुढे २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी, आणि तोल व ताकद या दोन्हींचा व्यायाम एकत्र केल्यास सुमारे ३४ टक्क्यांनी घटते, असे दिसले. केवळ ताकदीच्या व्यायामाबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता, कारण तशा चाचण्या मोजक्याच आणि छोट्या होत्या. यावरून ताकद निरुपयोगी ठरवणे उतावीळपणाचे होईल. ठेच लागल्यावर क्षणार्धात पाय पुढे टाकायचा आणि त्यावर अंगाचा भार पेलायचा, तर मांडीत व पोटरीत जोर हवाच. मात्र यंत्रावर बसून कमावलेल्या जोराला त्या क्षणाचा सराव नसतो.

वयानुसार स्नायू झिजण्याला १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले गेले, तेव्हा भर स्नायूंच्या वस्तुमानावर होता. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१८ सालच्या सुधारित व्याख्येत पहिले स्थान ताकदीला मिळाले. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर ती कमी ताकदीची खूण ठरली. आशियाई तज्ज्ञांनी मात्र २०१९ साली हीच चाचणी ताकदीऐवजी शारीरिक कार्यक्षमतेच्या खात्यात टाकली आणि मर्यादा १२ सेकंदांवर आणली.